हिस्लॉपमधले अमेरिकन शिक्षक आणि वाचनालयातला फेब्रुवारी

ग्रंथपालांना विचारा

गेल्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी ओघात लिहून गेलो होतो की, अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालये फेब्रुवारी महिन्यात कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचे कार्यक्रम करतात आणि तसा उपक्रम नागपूरच्या वाचनालयांनीही करून पाहण्यासारखा आहे. त्या दोन ओळींवर बरीच पत्रे आली. काही उत्सुक होती, काही रागावलेली होती आणि एक तर एका जुन्या छायाचित्राविषयी होते. म्हणून या वेळचे सदर याच विषयाला दिले आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीपुढे मी हा विषय ठेवला, तेव्हा एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "अमेरिकेतल्या लोकांचा इतिहास अमेरिकेत साजरा होऊ द्या, नागपूरचा त्याच्याशी काय संबंध?" त्यांना काय सांगावे? (एका वाचनालयाच्या कार्यवाह, धरमपेठ)

उत्तर : त्या सदस्यांना सोबत घेऊन एकदा सिव्हिल लाइन्समधील हिस्लॉप महाविद्यालयापर्यंत जाऊन यावे. १८८३ साली स्थापन झालेल्या या महाविद्यालयात १९५३ ते १९५६ या काळात जेम्स लॉसन नावाचे एक कृष्णवर्णीय अमेरिकन गृहस्थ काम करीत होते. नागपूरला आले तेव्हा त्यांचे वय पंचविशीच्या आसपास होते. कोरियाच्या युद्धाच्या वेळी सक्तीची लष्करभरती नाकारल्याबद्दल त्यांना तुरुंगवास झाला होता आणि तेरा महिने ते तुरुंगात राहून आले होते. त्यानंतर मेथडिस्ट चर्चच्या वतीने ते आपल्या शहरात आले आणि हिस्लॉपच्या मुलांकडून खेळांची तयारी करून घेऊ लागले. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होते. गांधीजींना जाऊन जेमतेम पाच वर्षे झाली होती, सेवाग्राम हाकेच्या अंतरावर होते आणि गांधीजींच्या बरोबर काम केलेली माणसे हयात होती, त्यामुळे सत्याग्रह म्हणजे नेमके काय, हे समजून घेऊ पाहणाऱ्या माणसासाठी याहून योग्य मुक्काम शोधून सापडला नसता.

डिसेंबर १९५५ मध्ये लॉसन यांनी 'नागपूर टाइम्स' या आपल्याकडच्या इंग्रजी दैनिकात एक बातमी वाचली. अलाबामा राज्यातील माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीय नागरिकांनी बसगाड्यांवर बहिष्कार घातला होता आणि मार्टिन लूथर किंग नावाचे सव्वीस वर्षांचे धर्मोपदेशक त्याचे नेतृत्व करीत होते. आपण इथे बसून ज्याचा अभ्यास करतो आहोत ते तिकडे सुरू झाले आहे, हे लॉसन यांना नागपुरात कळले. पुढच्या वर्षी ते मायदेशी परतले. १९५७ च्या फेब्रुवारीत ओहायोतील ओबर्लिन येथे दोघांची भेट झाली, तेव्हा शिक्षण पूर्ण होण्याची वाट न पाहता दक्षिणेत आत्ताच या, असा आग्रह किंग यांनी धरला आणि लॉसन टेनेसी राज्यातील नॅशव्हिलला गेले. तेथे एका चर्चच्या तळघरात ते विद्यार्थ्यांचे वर्ग घेऊ लागले. शिवी कानावर आली तरी उलट बोलायचे नाही, कोणी खुर्चीवरून ओढले तरी हात उगारायचा नाही, डोके कसे सांभाळायचे आणि शेजारी बसलेल्याला कसे सांभाळायचे, याचा अक्षरशः सराव तिथे होत असे. जॉन लुइस, डायॅन नॅश, बर्नार्ड लाफायेट, जेम्स बेव्हेल ही पुढे अमेरिकेच्या इतिहासात गेलेली मंडळी या वर्गातली आहेत. १३ फेब्रुवारी १९६० रोजी नॅशव्हिलच्या दुकानांतील ज्या उपाहार-कट्ट्यांवर कृष्णवर्णीयांना वाढले जात नसे, तिथे हे विद्यार्थी शांतपणे जाऊन बसले. व्हँडरबिल्ट विद्यापीठाने मार्चमध्ये लॉसन यांना काढून टाकले, तरी बैठा सत्याग्रह थांबला नाही, आणि १० मे १९६० पासून ते कट्टे सर्वांना खुले होऊ लागले.

आता यातला ग्रंथालयाचा भाग सांगतो, कारण आपल्या कार्यकारिणीला तोच उपयोगी पडेल. नॅशव्हिलच्या सार्वजनिक ग्रंथालयात नागरी हक्कांच्या इतिहासासाठी एक स्वतंत्र दालन आहे. ज्या रस्त्यांवर ते सत्याग्रह झाले, तेच रस्ते दालनाच्या खिडक्यांतून खाली दिसतात. दालनाच्या मधोमध उपाहार-कट्ट्याची प्रतिकृती मांडली आहे आणि सत्याग्रहींनी सोबत बाळगलेले दहा नियम तिच्यावर लिहिलेले आहेत. मारले तरी उलट मारू नका, ताठ बसा, तोंड कट्ट्याकडे ठेवा, दुकानाची वाट अडवू नका, अशा साध्या सूचना त्यात आहेत, आणि शेवटच्या सूचनेत येशू ख्रिस्त, महात्मा गांधी आणि मार्टिन लूथर किंग यांची शिकवण लक्षात ठेवण्यास सांगितले आहे. त्या यादीतील मधले नाव तिथपर्यंत नेणाऱ्यांपैकी एक माणूस आपल्या सिव्हिल लाइन्समध्ये तीन वर्षे राहून गेला होता. लॉसन जून २०२४ मध्ये लॉस एंजेलिस येथे ९५ व्या वर्षी वारले, तेव्हा हिस्लॉपच्या उल्लेखाशिवाय त्यांचे चरित्र सांगणे कोणालाही शक्य नव्हते. नागपुरात मात्र त्यांचे नाव ठाऊक असलेली माणसे मला वर्षानुवर्षांत बोटांवर मोजण्याइतकीच भेटली आहेत.

एवढ्यानेही समाधान झाले नाही, तर आणखी एक पत्ता देतो. १९३६ च्या डिसेंबरअखेर बेंजामिन मेज आणि चॅनिंग टोबियास हे दोन कृष्णवर्णीय अमेरिकन विद्वान वर्ध्याजवळ सेगावला, म्हणजे नंतरच्या सेवाग्रामला, गांधीजींना भेटले आणि अहिंसेचा अर्थ त्यांनी गांधीजींना खोदून खोदून विचारला. मेज पुढे अटलांटातील मोअरहाउस महाविद्यालयाचे अध्यक्ष झाले. त्याच महाविद्यालयात १९४४ साली पंधरा वर्षांचा मार्टिन लूथर किंग विद्यार्थी म्हणून दाखल झाला, आणि पुढे आयुष्यभर मेज यांना तो आपले मार्गदर्शक मानत आला. तेव्हा संबंध काय, हा प्रश्न नागपूर-वर्ध्याच्या माणसाने विचारणे जरा मौजेचेच आहे.

प्रश्न : फेब्रुवारीच का? त्या महिन्यात शिवजयंती असते, २७ तारखेला मराठी भाषा गौरव दिन असतो आणि बारावीच्या परीक्षा असतात. संपूर्ण महिना कसा निभावणार? (एक ग्रंथालय कर्मचारी, सक्करदरा)

उत्तर : महिना निभावू नका, आठवडा घ्या. मूळ कल्पना आठवड्याचीच होती. कार्टर वुडसन या इतिहासकाराने १९२६ च्या फेब्रुवारीतील दुसऱ्या आठवड्यात हा उपक्रम सुरू केला. गुलामगिरी संपवणारे राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांचा जन्मदिवस १२ फेब्रुवारीला येतो आणि गुलामगिरीतून निसटून पुढे थोर वक्ते व लेखक झालेले फ्रेडरिक डग्लस आपला जन्मदिवस १४ फेब्रुवारी मानत असत. गुलाम म्हणून जन्मलेल्या मुलाची जन्मतारीख कोणी लिहून ठेवत नसे, म्हणून ती त्यांनी स्वतःच ठरवून घेतली होती. कृष्णवर्णीय समाज हे दोन्ही दिवस आधीपासूनच साजरे करीत होता. वुडसन यांनी त्या चालत्या गाडीला आपला डबा जोडला. आठवड्याचा महिना झाला तो पुष्कळ नंतर, १९७६ साली. ब्रिटनमध्ये हाच महिना १९८७ पासून ऑक्टोबरात पाळला जातो. ऑक्टोबरात धम्मचक्र प्रवर्तन दिनामुळे नागपूर पुस्तकांनी फुलून गेलेले असते, त्यामुळे कोणी तो महिना निवडला तरी माझी हरकत नाही.

वुडसन यांच्याविषयी एक गोष्ट मात्र आपल्यासारख्या ग्रंथालय कर्मचाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्यांचे आईवडील गुलामगिरीत जन्मलेले होते आणि ते स्वतः तरुणपणी वेस्ट व्हर्जिनियातील कोळशाच्या खाणीत काम करीत. तेथे ऑलिव्हर जोन्स नावाचा एक खाणकामगार आपल्या घरात कामगारांसाठी चहा-फराळाची लहानशी जागा चालवत असे. जोन्सला वाचता येत नव्हते, पण त्याच्याकडे वर्तमानपत्रे आणि पुस्तके होती. वुडसन यांनी ती मोठ्याने वाचून दाखवावीत आणि त्या बदल्यात फुकट खावे-प्यावे, असा त्यांचा करार होता. दमलेले, काजळलेले कामगार भोवती बसून ऐकत आणि आपल्या लोकांच्या लढायांच्या आठवणी सांगत. पुढे १९१२ साली हार्वर्डची डॉक्टरेट मिळवणाऱ्या या माणसाचा इतिहासाचा पहिला वर्ग तो होता. आपल्याकडेही चावडीवर वर्तमानपत्र वाचून दाखवणारा एकजण आणि ऐकणारे पन्नास, हे दृश्य फार जुने नाही. आठवडाभरात एका संध्याकाळी केवळ वाचून दाखवण्याचा कार्यक्रम ठेवला, तर तो या परंपरेला धरून होईल आणि त्याला खर्चही येणार नाही.

प्रश्न : आपला सल्ला वाचून मला राग आला. आपल्याच शहरातील जातीच्या इतिहासावर बोलायला वाचनालये कचरतात आणि अमेरिकेतल्या वर्णभेदावर मात्र टाळ्या वाजवतात. हा ढोंगीपणा नाही का? (एक वाचक, इंदोरा)

उत्तर : राग रास्त आहे, आणि आपण सांगता ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी एका वाचनालयात वर्णभेदावर व्याख्यान होते. वक्त्यांनी अलाबामातील पाण्याच्या वेगवेगळ्या नळांचे वर्णन इतके हुबेहूब केले की, सभागृह हळहळले. नंतर एका मुलीने उठून आपल्या आजोळच्या गावातील विहिरीविषयी विचारले, तेव्हा अध्यक्षांनी "विषयांतर नको" असे म्हणून ध्वनिक्षेपक पुढच्या माणसाकडे देण्यास सांगितले. ती मुलगी चहासाठी थांबली नाही. मी त्या सभेत तिसऱ्या रांगेत होतो आणि उठून काही बोललो नाही, हेही इथे नमूद केले पाहिजे.

असा कार्यक्रम होणार असेल, तर तो न झालेलाच बरा. परंतु त्यावर उपाय म्हणून हा विषयच टाळला, तर जोतीराव फुल्यांचे बोट सोडल्यासारखे होईल. १८७३ साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध करताना जोतीरावांनी ते पुस्तक अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले. तिथल्या गुलामांना दास्यातून सोडवण्याच्या कामी त्यांनी दाखवलेल्या औदार्याबद्दल आदर म्हणून ही अर्पणपत्रिका लिहिली आणि आपल्या देशबांधवांनीही शूद्रांना ब्राह्मणी दास्यातून सोडवताना त्यांचा कित्ता गिरवावा, अशी आशा तिच्यात व्यक्त केली. लिंकनच्या घोषणेला तेव्हा दहाच वर्षे झाली होती. पुण्यात बसलेल्या माणसाने इतक्या लवकर दोन्ही गोष्टी एका वाक्यात आणल्या, ही दृष्टी आपल्या वाचनालयांच्या अनेक कार्यकारिणींना आजही आलेली नाही, असे मी जरा कडवटपणे म्हणतो.

दुसरा दाखला बाबासाहेबांचा आहे. १९१३ ते १९१६ या काळात ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते आणि हार्लेम ही कृष्णवर्णीयांची म्हणून ओळखली जाणारी वस्ती त्या विद्यापीठाला लागूनच आहे. १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे ज्येष्ठ विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची स्थिती आणि भारतातील अस्पृश्यांची स्थिती यांत इतके साम्य आहे की, पहिल्या प्रश्नाचा अभ्यास आपल्याला स्वाभाविकच नव्हे तर आवश्यक वाटतो, असा त्या पत्राचा आशय आहे. कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या दोन-तीन प्रती मिळतील का, अशी विचारणाही त्यात आहे. ड्यू बॉइस यांनी ३१ जुलै १९४६ रोजी उत्तर पाठवले, आपले नाव मी ऐकून आहे असे कळवले आणि भारतातील अस्पृश्यांविषयी पूर्ण सहानुभूती व्यक्त केली. ही पत्रे मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट येथील ग्रंथालयाने जपली आहेत आणि ती कोणालाही संगणकावर विनामूल्य पाहता येतात. त्यांच्या मोठ्या आकाराच्या छापील प्रती आणि शेजारी मराठी भाषांतर, एवढे एका फलकावर लावले तरी लोक थांबून वाचतील. १९६६ साली अमेरिकेतील ओकलंडमध्ये स्थापन झालेल्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून १९७२ साली मुंबईत दलित पँथर हे नाव आले, हे बहुतेकांना माहीत असते. डॉ. म. ना. वानखेडे आणि डॉ. जनार्दन वाघमारे यांनी कृष्णवर्णीयांच्या साहित्याची मराठी वाचकांना ओळख करून दिली, हे मात्र नव्या पिढीला सांगावे लागते.

यात एक पथ्य पाळले पाहिजे. जातिभेद आणि अमेरिकेतला वर्णभेद या एकच गोष्टी आहेत असे कोणी व्यासपीठावरून म्हणू लागले, तर त्यांना थांबवावे. बाबासाहेबांनी स्वतः गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना केली आहे, पण ती दोन्हींतील फरक दाखवण्यासाठी, आणि काही बाबतींत अस्पृश्यता अधिक वाईट असे त्यांचे मत होते. तेव्हा फलक शेजारी-शेजारी लावावेत, एकावर एक नव्हे, आणि प्रश्नोत्तरांच्या वेळी विहिरीचा प्रश्न आला, तर त्या प्रश्नाला पहिला मान द्यावा. तेवढी तयारी नसेल, तर आपण म्हणता तसा तो ढोंगीपणाच ठरेल.

प्रश्न : व्याख्याने तर महाविद्यालयांतही होतात. मग हा कार्यक्रम वाचनालयातच का व्हावा, आणि त्यात नेमके काय करावे? (एक निवृत्त शिक्षक, प्रतापनगर)

उत्तर : वाचनालयात अशासाठी की, वाचनालयाचे दार हाच या इतिहासातील लढ्याचा एक विषय होता. अमेरिकेच्या दक्षिणेकडील अनेक शहरांत करातून चालणाऱ्या ग्रंथालयांत कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. २१ ऑगस्ट १९३९ रोजी व्हर्जिनियातील अलेक्झांड्रिया येथे नीटनेटके कपडे घातलेले पाच कृष्णवर्णीय तरुण एकामागून एक तेथील ग्रंथालयात गेले. प्रत्येकाने देवघेवीच्या टेबलाशी सभासदत्वाचे कार्ड मागितले, प्रत्येकाला नकार मिळाला आणि प्रत्येकजण मग मांडणीवरचे एक पुस्तक काढून वेगवेगळ्या टेबलाशी जाऊन मुकाट्याने वाचू लागला. वेगवेगळी टेबले यासाठी की, कोणी बोलल्याचा आरोप करू नये. पोलिसांनी त्यांना अटक केली ती गैरवर्तनाच्या आरोपाखाली. पुस्तक वाचणे हे ते गैरवर्तन होते. सॅम्युएल टकर या तरुण वकिलाने हे सारे आखले होते. शहराने त्यावर तोडगा काढला तो असा की, मुख्य ग्रंथालय खुले न करता कृष्णवर्णीयांसाठी १९४० मध्ये एक वेगळे लहान ग्रंथालय बांधले. टकर यांनी त्या ग्रंथालयाचे कार्ड घेण्यास नकार दिला. २७ मार्च १९६१ रोजी मिसिसिपीतील जॅक्सन शहरात टूगलू महाविद्यालयाच्या नऊ विद्यार्थ्यांनी हेच केले. आधी ते कृष्णवर्णीयांसाठीच्या ग्रंथालयात गेले, हवी ती पुस्तके तिथे नाहीत याची खात्री करून घेतली आणि मग मुख्य ग्रंथालयात जाऊन बसले. त्यांनाही अटक झाली.

महाडचे चवदार तळे नगरपालिकेच्या ठरावाने कागदावर सर्वांना खुले झाले होते, पण ओंजळभर पाण्यासाठी १९२७ साली सत्याग्रह करावा लागला, हे ज्याला माहीत आहे त्याला अलेक्झांड्रियातील ती पाच टेबले समजावून सांगावी लागत नाहीत.

काय करावे, याविषयी माझी एक साधी सूचना आहे. वाचनकक्षात पाच टेबलांवर पाच पुस्तके उघडी ठेवावीत, प्रत्येक खुर्ची रिकामी ठेवावी आणि प्रत्येक पुस्तकाशेजारी त्या दिवसाची हकीकत सांगणारी एकेक चिठ्ठी ठेवावी. ज्याला बसून वाचायचे आहे त्याने बसावे. दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ आणि पाहुण्यांचा पाऊण तासाचा परिचय या गोष्टी या एका आठवड्यापुरत्या कपाटात बंद कराव्यात. दुसरे काम कर्मचाऱ्यांचे आहे. दाखल नोंदवही काढून आफ्रिका, गुलामगिरी, अमेरिकेतील कृष्णवर्णीय या विषयांवरील किती पुस्तके आपल्याकडे आधीपासून आहेत आणि त्यांतील किती गेल्या दहा वर्षांत देवघेवीत गेली, हे पाहावे. ज्या वाचनालयांत मी हे करून पाहिले, तिथे मांडणीच्या सर्वांत वरच्या फळीवर धूळ खात पडलेली चांगली भाषांतरे निघाली. तीच पुस्तके देवघेवीच्या टेबलाजवळ आणून ठेवली की, ग्रंथप्रदर्शन झालेच म्हणून समजा.

अभ्यासिकेतील मुलांना विसरू नये. आज आपली बहुतेक वाचनालये स्पर्धा परीक्षेच्या मुलांनी भरलेली असतात, आणि मोठ्या आवाजातला कार्यक्रम म्हटला की ती मुले वैतागतात, ते साहजिकच आहे. त्यांच्यासाठी संध्याकाळी चहाच्या सुट्टीतली वीस मिनिटे मागून घ्यावीत आणि नॅशव्हिलचे ते दहा नियम एकाने वाचून दाखवावेत. "हे परीक्षेला येईल का?" असे कोणी विचारले, तर राग मानू नये. विचारणाऱ्याच्या घरी त्याच्या निकालाकडे डोळे लागलेले असतात.

प्रश्न : फलकांवर 'निग्रो' लिहावे की 'काळे' की आणखी काही? जुन्या मराठी पुस्तकांत तर सर्रास 'निग्रो' आहे. (एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, सीताबर्डी)

उत्तर : 'कृष्णवर्णीय' किंवा 'आफ्रिकन-अमेरिकन' लिहावे. 'निग्रो' हा शब्द एकेकाळी त्या समाजातील विचारवंतही स्वतःसाठी वापरत, वुडसन यांच्या संस्थेच्या नावातही तो होता, परंतु आज तो अपमानकारक मानला जातो. जुन्या पुस्तकाचे किंवा संस्थेचे नाव देताना तो जसाच्या तसा ठेवावा, आपल्या वाक्यात वापरू नये. 'काळे' या शब्दाविषयी मी जास्त सावध आहे, कारण विवाहविषयक जाहिरातींत 'गोरी' मागणाऱ्या आपल्या समाजात तो शब्द निव्वळ रंगाचा राहत नाही. शिवाय आपल्या शहरात आफ्रिकी देशांतून शिकायला आलेले कोणी असतील, तर त्यांना श्रोते म्हणून बोलवावे, नमुना म्हणून नव्हे.

प्रश्न : आमच्या बालविभागासाठी काय करता येईल? हा विषय मुलांना जड होणार नाही का? (एक बालवाचनालय चालवणाऱ्या वाचिका, महाल)

उत्तर : जड होतो तो आपल्या सांगण्यामुळे. न्यूयॉर्कच्या हार्लेममधील १३५ व्या रस्त्यावरील ग्रंथालयात १९३७ साली ऑगस्टा बेकर या बालविभागाच्या ग्रंथपाल म्हणून रुजू झाल्या, तेव्हा मुलांच्या पुस्तकांत कृष्णवर्णीय माणूस विदूषक, नोकर किंवा रानटी म्हणूनच दिसतो, हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी एकेक पुस्तक तपासून चांगल्या पुस्तकांचा वेगळा संग्रह उभा केला, शिफारशीच्या याद्या तयार केल्या आणि मुलांना गोष्टी सांगितल्या. आपणही सुरुवात कपाटापासून करावी. जुन्या चित्रकथांत मोठ्या हंड्यात प्रवासी शिजवणारे जाड ओठांचे आफ्रिकी लोक आपण सर्वांनीच पाहिले आहेत. ती पुस्तके फाडू नयेत, पण त्या आठवड्यात मुलांसमोरही मांडू नयेत.

गोष्टच हवी असेल, तर लॉसन यांच्या लहानपणीची सांगावी. ओहायोत राहत असताना, वयाच्या दहाव्या वर्षाच्या आसपास, आईने सांगितलेल्या कामासाठी ते निघाले होते. वाटेत उभ्या असलेल्या मोटारीतील एका गोऱ्या मुलाने त्यांना वंशावरून शिवी दिली. छोट्या जिमीने जाऊन त्याच्या थोबाडीत मारली आणि घरी येऊन आईला ते सांगितले. आई स्वयंपाक करीत होती. तिने मागे वळूनही न पाहता विचारले, "जिमी, त्याने काय भले झाले?" एवढे सांगून थांबावे आणि मुलांना बोलू द्यावे. निम्मी मुले थोबाडीत मारणे बरोबरच होते असे म्हणतील. त्यांना लगेच दुरुस्त करू नये. वाद रंगला की पुढची सारी गोष्ट मुले स्वतःच विचारून घेतात. नॅशव्हिलच्या तळघरातील सरावाचे नाटुकले मात्र मुलांकडून बसवून घेऊ नये. त्यात कोणाला तरी शिव्या देणाऱ्याची भूमिका करावी लागते, आणि कोणत्या मुलाच्या वाट्याला ती येते व कोणाला उद्देशून येते, यावर घरी परतल्यावर काय होईल, हे आपल्याला सांगता येत नाही.

प्रश्न : मलिक अंबर हा आपलाच इतिहास आहे. त्याला या कार्यक्रमात जागा द्यावी का? (इतिहासाचे एक शिक्षक, रेशीमबाग)

उत्तर : अवश्य द्यावी. इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला, अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झालेला, १६१० साली खडकी (आजचे छत्रपती संभाजीनगर) वसवणारा आणि गनिमी काव्याने मुघलांना जेरीस आणणारा हा पुरुष कोणत्याही यादीत शोभेल. हार्लेममधील ज्या ग्रंथालयाचा उल्लेख वर आला, तेथूनच पुढे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचे शोम्बर्ग केंद्र उभे राहिले. ज्यांच्या नावाने ते ओळखले जाते त्या आर्तुरो शोम्बर्ग यांना शाळेत एका शिक्षकाने सांगितले होते की, कृष्णवर्णीयांना इतिहास नसतो. त्या वाक्याचे उत्तर म्हणून त्यांनी आयुष्यभर पुस्तके, हस्तलिखिते आणि चित्रे जमवली, आणि १९२६ साली त्यांचा संग्रह न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयासाठी दहा हजार डॉलरला घेतला गेला. याच केंद्राने २०१३ साली भारतातील आफ्रिकी लोकांवर प्रदर्शन भरवले, तेव्हा मलिक अंबर तिथल्या भिंतीवर झळकला होता. आपण त्याला जागा द्यावी की नाही, याचा विचार करीत बसण्याचे कारण उरत नाही.

प्रश्न : माझे वडील पन्नासच्या दशकात हिस्लॉपमध्ये शिकत होते. त्यांच्या संग्रहात खेळाडूंचा एक गटफोटो आहे आणि त्यात मधल्या रांगेत एक उंच कृष्णवर्णीय गृहस्थ उभे आहेत. ते लॉसन असतील का? मी तो वाचनालयाला देऊ का? (एक वाचिका, रामदासपेठ)

उत्तर : असू शकतील, पण फोटो पाहिल्याशिवाय मी हो म्हणणार नाही आणि पाहिल्यावरही एकट्याच्या भरवशावर म्हणणार नाही. त्यांची तरुणपणीची छायाचित्रे प्रसिद्ध आहेत, त्यांच्याशी ताडून पाहता येईल. महाविद्यालयाच्या त्या वर्षांच्या वार्षिकांकात हाच फोटो नावांसह छापलेला सापडला, तर प्रश्नच मिटेल. तोपर्यंत फलकावर त्यांचे नाव लिहू नये. वडील असतील, तर त्यांच्याशेजारी बसून रांगेतील प्रत्येक चेहऱ्याचे नाव विचारून घ्यावे, केवळ त्या एका गृहस्थांचे नव्हे. मूळ फोटो घरीच ठेवावा आणि वाचनालयाला पुढची व मागची अशा दोन्ही बाजूंची स्कॅन केलेली प्रत द्यावी, कारण छायाचित्रकाराचा शिक्का आणि तारीख बहुधा मागच्या बाजूला असते. अल्बममध्ये तो डिंकाने चिकटवलेला असेल, तर ओढून काढू नये, पानासकट आणावा. आणि नावे लिहायची झाली, तर ती वेगळ्या कागदावर लिहावीत. फोटोच्या पाठीवर लिहिणे अगदीच भाग पडले, तर मऊ शिसपेन्सिल वापरावी, बॉलपेन नव्हे.